पाटकऱ्याचा समुद्र

ज्या माणसाने मला समुद्र शिकवला, त्याने स्वतः तो कधी पाहिला नव्हता. मी मात्र रत्नागिरीकडची. आमच्या मागच्या दारातून भरतीचा आवाज घरात यायचा, आणि वर भूगोलात एम.ए. केलेलं. आता जळगावच्या कॉलेजात लाटा, प्रवाह, भरती-ओहोटी हा धडा घेताना फळ्यावर चित्र काढते, पण डोळ्यांपुढे उभे राहतात ते पिंपळनेरचे माझे घरमालक. सहा फूट उंच, अनवाणी, खांद्यावर फावडं.

नोकरीची पहिली सात वर्षं मी त्यांच्या माडीवर राहिले. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले. ते मला मास्तरीणबाई म्हणत. त्यात आदर किती आणि थट्टा किती हे मला सात वर्षांत नीट कळलं नाही.

आबा पाटकरी होते. आमच्या कोकणात हा शब्द नाही, म्हणून सांगते. पांझरेच्या बंधाऱ्यातून पाट निघतो आणि त्या पाटावर गावाची शेती फडांमध्ये, म्हणजे मोठमोठ्या पट्ट्यांमध्ये, वाटलेली असते. पाणी शेतकऱ्याने आपल्या हाताने घ्यायचं नाही. ते पाटकरी देतो, प्रत्येक शेताला त्याच्या पाळीने, आणि त्याच्या शब्दापुढे सरपंचही बोलत नाही. पाटाच्या शेवटाला सगळेजण टेल म्हणतात. टेलचं शेत सगळ्यात दुर्दैवी, कारण वरचे सगळे पिऊन उरेल तेव्हा त्याला पाणी. म्हणून आबांच्या घराण्यात एक नेम होता. पाळी सुटली की पाटकऱ्याने पाटाबरोबर चालत जायचं, शेवटच्या शेताच्या शेवटच्या वाफ्यात पाणी पोचलं की त्यात आपला पाय बुडवायचा, आणि मग घरी येऊन भाकरी खायची. पाय बुडेपर्यंत उपाशी. आबांनी हा नेम चाळीसेक वर्षं पाळला आणि गुडघे गेल्यावर पाट पुतण्याकडे दिला. फावडं मात्र दिलं नाही.

ते फावडं घेऊन ते लग्नालाही जात. मांडवात पंगत बसली की आबा सरळ वाढप्यांच्या समोर उभे. "पुढेथीन नही. शेवटफाईन वाढा." वाढपी चरफडायचे, कारण शेवटच्या रांगेत बहुधा बँडवाले, ड्रायव्हर आणि आगंतुक बसलेले असत. पण जिलेबी आधी त्यांच्या पानात पडायची आणि वराचा मामा रिकाम्या पानाकडे बघत बसायचा. एका मामाने रागावून विचारलं, तुम्हाला हे कोणी सांगितलं? आबा म्हणाले, "टेलले पोचनं म्हनजे बठ्ठासले पोचनं." शेवटच्याला पोचलं की सगळ्यांना पोचलं. भूक लागलेला माणूस वाद किती घालणार?

पाहुणा आला की पहिला प्रश्न ठरलेला असे, तुमच्या गावाला पाणी कधी येतं? नंतर नाव, गाव, काम. साक्रीहून सुटलेली एसटी पिंपळनेरच्या स्टँडवर किती वाजता लागेल हे ते ओट्यावर बसून सांगत, आणि ते बहुतेक खरं ठरे. फक्त घरातल्या नळाचं त्यांना जमलं नाही. त्यांची बायको, आमच्या अक्का, हे सांगायची एकही संधी सोडत नसत. "यासले आपला नळले पानी कव्हय येई ते समजत नही," त्या मला चहा देता देता म्हणत, "आनि समिंदरनं सांगी राह्यनात!"

आता समुद्राचं सांगते. आबांची लेक मंगल नर्स. तिची आणि तिच्या नवऱ्याची नोकरी अंदमानच्या दक्षिणेकडच्या एका छोट्या बेटावर. त्यांची मुलगी रेवा तिथेच वाढली. मैत्रिणींशी हिंदी आणि आजोबांशी फोनवर शिकलेली अहिराणी बोलणारी ही पोर, फळी घेऊन लाटेवर उभं राहायच्या खेळात पडली. सर्फिंग. आबा त्याला 'पाटीवर उभं राहनं' म्हणायचे. रोज संध्याकाळी नातीचा फोन असायचा. एकदा ती कुरकुरली की आठवडाभर लाटच नाही, उद्या येईल की परवा, कोणालाच माहीत नाही.

आबा इतके संतापले की फोन माझ्या हातात आला. "पानी येवाव शे आनि कव्हय येई ते कोन्हले माहीत नही? तठे पाटकरी नही का?"

मी हसले. हसून मी त्यांना भूगोल शिकवायला बसले, कारण मास्तरणीला मोह आवरत नाही. मोबाइलवर दक्षिण महासागराचा नकाशा उघडला आणि आफ्रिकेच्या खाली कुठेतरी वादळाचा लाल डाग दाखवला. सांगितलं, आबा, इथे वारा पाणी ढकलतो, आणि ते पाणी सहा-सात दिवसांनी रेवाच्या बेटावर लाट होऊन पोचतं. बेटापाशी पाण्याखाली पोवळ्यांचा खडक आहे, त्याला अडखळून ती लाट उभी राहते. आबांनी तो नकाशा किती वेळ पाहिला असेल! मग आधी डागावर, मग खडकावर बोट ठेवत म्हणाले, "म्हनजे आठे धरन सुटनं, आनि हाऊ सांडवा. मंग यामा अवघड काय शे?"

त्या दिवसापासून ओट्यावर शाळेची वही आली आणि तिच्यात निळी-तांबडी पेन्सिल. माझ्या कॉलेजच्या वेळेआधी मी त्यांना रोज नकाशा आणि आकडे दाखवायचे, आणि ते लिहून घ्यायचे. लाटेची उंची सगळेच बघतात. आबांनी तो रकाना पहिल्याच आठवड्यात मागे टाकला आणि दुसरा पुढे आणला, एका लाटेपासून पुढच्या लाटेपर्यंत किती सेकंद जातात तो. मी म्हटलं, आबा, उंची महत्त्वाची. ते म्हणाले, "पाटमा पानी कितलं उंच शे हाई इचारू नका, मास्तरीणबाई. ओढ कितली शे ते इचारा. ओढनं पानी लांब जास." नंतर मी पुस्तकं काढून बघितली. जास्त सेकंदांची लाट आधी पोचते, लांब पोचते, आणि खडकावर येऊन आपल्या आकाराच्या मानाने फार मोठी उठते. हे मला एम.ए.ला शिकवलेलं होतं. मी ते परीक्षेत लिहून विसरून गेले होते.

आणि मग आबा चुकले. त्या चुकीत माझाही वाटा आहे, तो मी लपवणार नाही.

त्यांनी पहिला ठाम अंदाज दिला, मंगळवारी सकाळी अकरा वाजता. रेवा गेली. पाणी खरंच अकराला आलं, घड्याळ लावून घ्यावं असं. पण तेव्हा पूर्ण ओहोटी होती. खडकावर गुडघाभर पाणी, आणि त्याच्यावर ही मोठी लाट. पोर पडली ती सरळ पोवळ्यांवर. पोटरी फाटली. तिच्या आईने स्वतःच्या हातांनी टाके घातले आणि मग फोन केला. ओरडली नाही. फक्त म्हणाली, "आबा, आते बस व्हयनं."

आबांना ओहोटी माहीत नव्हती. म्हणजे शब्द ऐकलेला होता, पण आलेलं पाणी दिवसातून दोनदा परत जातं, हे पाटावर आयुष्य काढलेल्या माणसाच्या मनात येणार कुठून? पाटातलं पाणी पुढे जातं, जिरतं, आटतं. मागे फिरत नाही. त्या संध्याकाळी ते जिना चढून माडीवर आले. गुडघे गेल्यापासून ते वर कधी आले नव्हते. दारातच उभे राहिले.

"पानी परत बी जास?"

"हो, आबा."

"तुम्ही समिंदरना काठना शेतस ना?"

"हो."

"मंग हाई मले आधी काबरं नही सांगं?"

ओहोटी माझ्या इतकी अंगवळणी पडलेली की ती कोणाला सांगावी लागते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला फार लाज वाटली, अजून वाटते. आबा रागावले नाहीत. "तुमनं नही, मन्हं चुकनं," म्हणाले आणि एक एक पायरी उतरत खाली गेले.

मला वाटलं आता वही बंद. दुसऱ्या दिवशी ती उघडलेली होती आणि नवा रकाना आखलेला होता. आता मात्र मी माझ्या कोकणातल्या आजोबांकडून ऐकलेलं सगळं त्यांना दिलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आमचा कोकणातला हिशेब. आबा पंचांग कोळून प्यायलेले, त्यांनी तो बसल्या बैठकीला शिकून घेतला. अंदमानात तो जमेना, वेळ पुढे-मागे व्हायला लागली. मग त्यांनी रेवाला कामाला लावलं. पोटरीला पट्टी, समुद्रात जायची बंदी, तर रोज जेट्टीवर बसून पायऱ्या मोज. सकाळी किती बुडाल्या, दुपारी किती उघड्या पडल्या. ती रोज मेसेज करायची, 'आबा, सात पायऱ्या', 'आबा, तीन'. तिच्या शेजारी एक म्हातारा नावाडी बसलेला असायचा, तो तिला एखादी चुकलेली पायरी सांगायचा. दोन महिन्यांनी आबा पिंपळनेरच्या ओट्यावरून त्या जेट्टीच्या पायऱ्या सांगायला लागले. आधी आबा सांगायचे, मग रेवा मोजायची आणि नावाडी मान डोलवायचा.

मंगल मात्र ऐकणारी नव्हती. तिने मुलीला एकच सवलत दिली. एप्रिलमध्ये बेटावर मुलींची स्पर्धा होणार होती, तेवढी खेळायची. नंतर फळी कुलपात, आणि जूनपासून धुळ्याला नर्सिंग कॉलेज. स्पर्धेत पहिली आली तर पुढे खेळायला मुख्य भूमीवर जायचं, त्याला आईची ना नव्हती. नाही आली तर समुद्र संपला. रेवाने ते मान्य केलं. दुसरं करणार काय?

स्पर्धेला आठ दिवसांची मुदत असते, कारण लाट काही कुणाच्या वेळापत्रकाने येत नाही. त्यातला जो दिवस चांगला, त्या दिवशी खेळ. पहिले पाच दिवस समुद्र पडून राहिला. आयोजक मुख्य भूमीवरून आलेले, बेटाला बोट लागते ठरावीक दिवशीच, आणि ती शुक्रवारी होती. त्यांचे मोबाइल दोन फूट दाखवत होते. दोन फुटात काय खेळायचं? त्यांनी सामान बांधायला घेतलं.

आबांनी आठवडाभर आधीच वहीत लिहून ठेवलं होतं, शनिवार, सकाळी आठनंतर. आफ्रिकेखाली उठलेल्या नव्या लाल डागाला ते नकाशावर रोज भेटत होते.

गुरुवारी दुपारी रेवाने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन आयोजकाच्या तोंडापुढे धरला. टोपी घातलेला, चाळिशीचा, थकलेला माणूस. इकडे ओट्यावर आबा, बाजूला मी, मागे अक्का दारात.

"अंकल, सब जगह दो फुट बता रहे हैं," तो समजुतीने म्हणाला.

"दोन फूट शे," आबा म्हणाले, "पन अठरा सेकंदनं शे." मी हिंदीत सांगितलं.

"आपने समंदर कितनी बार देखा है?"

"एक डाव बी नही."

तिकडे पाच-सहा जण हसले. मला त्या टोपीवाल्याचा असा राग आला की मी फोन हिसकावून त्याला माझं एम.ए. ऐकवणार होते. आबांनी हाताने मला थांबवलं आणि वही उघडली. गेल्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून आधीच सांगून ठेवलेल्या पायऱ्या ते वाचायला लागले. सकाळ, सहा पायऱ्या. दुपार, दोन. सकाळ, सात. एकेक दिवस, कुठे न अडखळता, पाटावरची पाळी सांगावी तसे. हसणं थांबलं. मग कॅमेऱ्याच्या बाहेरून कोणीतरी म्हणालं, "ये बुड्ढा सही बोलता है. मैं रोज बैठता हूँ वहाँ." तो नावाडी होता.

आयोजकाने टोपी काढून डोकं खाजवलं. बोट सोडली तर पुढची थेट चार दिवसांनी, आणि समुद्र आला नाही तर सगळ्यांचं हसं. "शनिवार को नहीं आया तो?" त्याने विचारलं.

"येई," आबा म्हणाले. एवढंच. अक्का मागून पुटपुटल्या, "नळनं बी असंच म्हनतस."

शुक्रवारची बोट त्यांच्याशिवाय गेली.

शनिवारी मी रजा टाकली. खोटं कशाला बोलू, मला धड झोपही लागली नव्हती. खाली आले तर आबा आंघोळ करून, धोतर नेसून ओट्यावर बसलेले, बाजूला फावडं. अक्कांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आणून ठेवला. आबांनी त्याच्यावर फडकं ओढलं आणि ताट बाजूला सरकवलं. अक्का आत गेल्या. या बाबतीत त्या कधीच बोलत नसत.

आठ वाजता रेवाचा मेसेज आला. 'आबा, काहीच नाही. तळं आहे.'

साडेआठला मी विचारलं. तळंच.

नऊ वाजता मंगलचा फोन आला. ती तिथे किनाऱ्यावरच उभी होती. फार हळू बोलली, "आबा, लोक इचारी राह्यनात." मला तिच्या आवाजात पोरीची फळी कुलपात जाताना ऐकू आली. मी मनातल्या मनात हिशेब पुन्हा करत होते आणि प्रत्येक वेळी दुसरंच उत्तर येत होतं. आबांची पाठ ताठ होती, पण पायाची बोटं ओट्याच्या दगडावर सारखी हलत होती.

"पहिलं पानी जमीन पेस," ते म्हणाले. मला म्हणाले, लेकीला म्हणाले, की स्वतःला, कळलं नाही. कोरड्या पाटात पाणी सोडलं की आधी माती आपली तहान भागवते आणि मग ते पुढे सरकतं. समुद्रात कसली माती? पण मी वाद घातला नाही.

नऊ वाजून वीस मिनिटांनी व्हिडिओ आला. आधी नुसतं निळं, सपाट पाणी. मग क्षितिजापाशी एक रेघ, जाड पेन्सिलीने ओढल्यासारखी. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे तिसरी. पहिली खडकापाशी पोचली, अडखळली, आणि उभी राहिली. किती? तिथल्या माणसांच्या डोक्यावर हात उभा केला तरी वरून जाईल एवढी. मागे बायाबापड्या आणि पोरं ओरडत होती, आणि त्या गलक्यात टोपीवाल्याचा आवाज होता, "अरे बाप रे, अरे बाप रे!"

मी ओरडले. शेजारचे धावत आले. मी, भूगोलाची मास्तरीण, पिंपळनेरच्या भर गल्लीत उड्या मारल्या आणि मला त्याची तेव्हाही लाज वाटली नाही. आबा मोबाइल डोळ्यांजवळ धरून ओठ हलवत होते. ते सेकंद मोजत होते. "सतरा," म्हणाले आणि वहीतला अठरा खोडून सतरा लिहिलं. "एकनी चूक शे."

मला वाटलं आता खातील. ताट तसंच. फडकं तसंच.

"आबा, आलं की पाणी!"

"उनं," ते म्हणाले. "पोचनं का ते समजू द्या."

दहा वाजले. अकरा वाजले. मुलींच्या फेऱ्या चालू होत्या आणि तिकडे फोन बघायला कोणाला वेळ होता? शेजारी कंटाळून गेले. बारा वाजून गेल्यावर फोन वाजला आणि पडद्यावर रेवा, केस ओले, नाक सोललेलं, मागे सगळं पांढरं-निळं. हसत होती की रडत होती, तिचं तिला ठाऊक. मग म्हणाली, "आबा, पहिली उनी मी! पहिली!"

अक्कांनी दारातच हात जोडले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आबांचा चेहरा मात्र अजून पाटावरच होता.

"मन्ही बाय ती," ते म्हणाले. "पन शेवटनी पोरले बी लाट भेटनी का? का पुढन्यासनीच खायी टाकात?"

रेवाने ओला हात तोंडावरून फिरवला.

"आबा," ती म्हणाली, "पाळीन्या चिठ्ठ्या टाक्यात ना, तं मन्हं नाव शेवटले निंघनं. बठ्ठीसना मांगे. टेलले मीच व्हतू."

तिकडे तिने फोन खाली वळवला. वाळू दिसली, मग फेस, मग तिची पोटरी आणि तिच्यावरचा टाक्यांचा आडवा व्रण. पाय पाण्यात होता, घोट्याच्या वर.

"हाऊ दखा. तुमना नावना पाय बुडाडा मी. पोचनं पानी. आते भाकर खाई ल्या."

आबांनी फोन माझ्याकडे दिला. धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं, फार वेळ पुसलं. मग ताट पुढे ओढून फडकं काढलं आणि आत बघून हाक मारली, "तुन्हं बी आन व."

अक्का स्वतःचं ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांच्याही ताटात सकाळची अख्खी भाकरी तशीच होती.